आधी जळगावचं पान उघडा

परदेशाचं गाइडबुक घ्यायचं ठरलं की लगेच त्या देशाचं पुस्तक चाळायला घेऊ नये. आधी त्याच मालिकेतलं भारतावरचं पुस्तक मिळवावं आणि अजिंठ्याचं पान काढावं. लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी, हे तिथे ठळक दिलंय का? खाजगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर थांबते आणि पुढचे ४ किलोमीटर तिथल्या बसनंच जावं लागतं, हे सांगितलंय का? जळगाव मुंबई-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, तिथून लेणी ६० किलोमीटरवर. छत्रपती संभाजीनगरहून निघालात तर १००च्या आसपास. रेल्वेनं येणाऱ्यानं कुठे उतरावं, याचा हा साधा हिशेब पुस्तकात मांडलाय, की लेखकानं संभाजीनगरहून टॅक्सी केली आणि जळगावकडे तो फिरकलाच नाही? फिरकला असेल तर हिवाळ्यात भरीत खाऊन गेला, की स्टेशनसमोरच्या लॉजचं भाडं टिपून पुढची गाडी पकडली?

एवढ्या ओळी खान्देशातला कोणीही कसलीही मदत न घेता तपासू शकतो. क्योतो किंवा प्रागचं पान तसं तपासता येत नाही, म्हणून तर पुस्तक विकत घ्यायची वेळ येते. दोन्ही पुस्तकांचे लेखक वेगळे असतात हे खरं, पण संपादकाची शिस्त मालिकाभर एकच असते. जी मालिका फर्दापूरचा फाटा चुकवत नाही, ती परक्या गावातला बसस्टँडही सहसा चुकवत नाही. भारताचं पुस्तक त्यासाठी विकत घ्यायची गरज नाही. ई-पुस्तकांच्या दुकानात नमुना फुकट वाचायला मिळतो, काही पुस्तकांत गूगल बुक्सवर नाव टाकून आतली पानं शोधता येतात, आणि जुनी प्रत कोणाच्या ना कोणाच्या कपाटात असतेच.

त्या पानावरून आणखी एक गोष्ट कळते आणि ती जास्त कामाची आहे: पुस्तक कोणासाठी लिहिलंय. नळाचं पाणी पिऊ नका, रिक्षाचं भाडं आधी ठरवा, लोक टक लावून बघतील तर घाबरू नका, असले सल्ले वाचताना आपल्याला हसू येतं, कारण ते लंडनच्या किंवा मेलबर्नच्या माणसाला दिलेले असतात. तोच माणूस इटलीच्या आणि जपानच्या पुस्तकातही वाचक म्हणून बसलेला असतो. त्याचा पासपोर्ट, त्याचा प्लग, त्याचं पोट, त्याची हवा. इंग्रजी गाइडबुक निवडणं म्हणजे हा मधला माणूस ओळखणं आणि त्याला बाजूला सारूनही पुस्तकात आपल्यासाठी किती उरतं ते बघणं.

व्हिसापासूनच सुरुवात करा. युरोपावरच्या बहुतेक पुस्तकांत ‘९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही’ असं बिनधास्त छापलेलं असतं. ते अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन पासपोर्टांसाठी. आपल्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या फार तर ६ महिने आधी आणि निदान १५ दिवस आधी करायचा असतो, आणि वैद्यकीय विमा कमीत कमी ३० हजार युरोंचा लागतो. तेव्हा व्हिसाचं पान सरळ सोडून द्यावं आणि माहिती दूतावासाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. मात्र पुस्तकातलं ‘आठ दिवसांत काय पाहावं’ हे प्रकरण इथे उपयोगी पडतं. अर्जासोबत दिवसवार आराखडा द्यावा लागतो. कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गाडीनं किती तास लागतात हे ज्या पुस्तकात दिलंय, त्यावरून केलेला आराखडा अधिकाऱ्याला पटण्यासारखा होतो. सकाळी पॅरिस, दुपारी व्हेनिस, असलं काही त्यात शिरत नाही.

विजेचं पानही असंच. अमेरिकन पुस्तक युरोपला जाणाऱ्याला व्होल्टेजची भीती घालतं. आपल्याला युरोपात ती भीती नाही, कारण आपल्याकडेही २३० व्होल्टच आहे आणि आपला दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर तिथल्या बहुतेक सॉकेटांत तसाच बसतो. लॅपटॉपच्या तीन पिनांना मात्र अडॅप्टर लागतो. ब्रिटन, सिंगापूर, मलेशिया, दुबई इथे तीन चौकोनी पिना. आपली खरी अडचण जपानात होते. तिथे १०० व्होल्ट आहे, आणि चहासाठी घरून नेलेली १५०० वॅटची किटली तिथे जेमतेम पाचव्या हिश्श्यानं चालते. व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, म्हणून पाणी उकळायला पाच पटीहून जास्त वेळ. किटली बिघडलेली नसते. हे कोणत्याच पुस्तकात नसतं, कारण तो मधला माणूस किटली घेऊन जातच नाही.

‘कधी जावं’ हे प्रकरण तर उलटं करूनच वाचावं लागतं. रोमचं जुलैतलं दुपारचं तापमान सरासरी ३१-३२च्या घरात. पुस्तक त्याला असह्य म्हणतं. मे महिन्यात भुसावळला ४५ अंश सोसलेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गर्दीचं कारण मात्र दोघांनाही सारखंच लागू आहे. उलट ‘सौम्य, आल्हाददायक वसंत’ असं लिहिलेलं असतं तिथे सकाळी ८-१० अंश असतात आणि आपली माणसं पातळ जाकीट घालून कुडकुडतात. म्हणून विशेषणं वाचू नयेत; महिनावार किमान-कमाल तापमान आणि पाऊस आकड्यांत दिलाय का ते बघावं. दिलं नसेल तर तेवढ्यानंही पुस्तक नापास करायला हरकत नाही.

सुट्ट्यांचं गणितही वेगळं. खान्देशातली कुटुंबं निघणार ती मेमध्ये नाहीतर दिवाळीत. जपानात २९ एप्रिल ते ५ मेच्या दरम्यान त्यांच्याच सुट्ट्यांचा आठवडा येतो, गाड्या आणि हॉटेलं भरलेली असतात. शाळा सुटल्या सुटल्या निघणाऱ्यानं तो आठवडा टाळावा. व्हिएतनाम दिवाळीला ‘थंड आणि कोरडा’ असं ऐकून जाणारे होई आनला छत्री घेऊन फिरतात, कारण मध्य किनाऱ्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच भर पावसाचे महिने, कधी कधी गल्ल्यांत पाणी भरण्याइतके. उत्तरेला हनोईत तेव्हा छान हवा असते. चांगलं पुस्तक देशाचा एकच हंगाम सांगत नाही, पट्ट्यापट्ट्यानं सांगतं. श्रीलंकेचंही तसंच: मेमध्ये नैर्ऋत्य किनाऱ्यावर पाऊस सुरू होतो आणि तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो.

आता पोट. इथे जरा थांबावं लागेल, कारण परदेशात गेलेल्या खान्देशी घरातली निम्मी भांडणं याच विषयावर होतात. गाइडबुकातलं हिरव्या पानाचं चिन्ह म्हणजे ‘इथे शाकाहारी काहीतरी मिळतं’, एवढंच. अंडं आहे का, रस्सा कशाचा, हे ते चिन्ह सांगत नाही. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये मिठाच्या जागी माशाचा सॉस पडतो, भाज्यांतही. जपानात मिसो सूप आणि नूडल्सचा रस्सा बहुधा वाळवलेल्या माशाच्या दाशीवर, म्हणजे पातळ अर्कावर, केलेला असतो. वर टोफू तरंगतोय म्हणून खाली मासा नाही असं नसतं. इटलीतल्या अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं. पुस्तक पारखायचं तर मागच्या सूचीत ‘शाकाहार’ शोधावं आणि सांगितलेलं पान उघडावं. तिथे फक्त चार हॉटेलांची नावं असतील तर पुस्तक वरवरचं. तिथे माशाच्या सॉसचा उल्लेख असेल, ‘हे घालू नका’ हे स्थानिक भाषेत कसं म्हणायचं ते असेल, आणि ते वाक्य तिथल्या लिपीतही छापलेलं असेल, तर लेखक स्वयंपाकघरात डोकावून आलाय.

आणखी खोलात गेलेलं पुस्तक थायलंडमधल्या ‘जे’ जेवणाचं सांगतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं. तिथे मांस, मासा, अंडं, दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. जळगाव-धुळ्याकडच्या जैन कुटुंबांना याहून सोपी सोय नाही; बटाटा-गाजर मात्र तिथे चालतं, तेवढं विचारून घ्यावं. व्हिएतनाममध्ये असंच जेवण ‘चाय’ अशा पाटीखाली मिळतं आणि त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ते जास्त ठिकाणी मांडलेलं असतं. जपानातल्या देवळांत शोजिन र्योरी नावाचं जेवण असतं, त्यातही कांदा-लसूण नाही आणि दाशी समुद्री शैवालाची. ते महाग पडतं आणि बहुतेक ठिकाणी आधी सांगून ठेवावं लागतं.

घरून नेलेल्या डब्याबद्दल पुस्तकं जवळजवळ गप्पच असतात. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, खवा, तूप घरीच राहू द्यावं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये नियम आणखी कडक. तिथे बिबडे, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, जे काही खाण्याचं असेल ते प्रवेशाच्या अर्जावर लिहून द्यावं. लिहून दिलं तर फार तर डबा काढून घेतात. लपवलं तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलरांचा दंड.

वाचकाचा प्रश्न झाला की काळाचा. दुकानाच्या पानावर दिसणारी तारीख कधी कधी पुनर्मुद्रणाची असते. पुस्तकाच्या सुरुवातीला कॉपीराइटचं पान असतं, तिथे आवृत्तीचा क्रमांक आणि साल बघावं. आवृत्ती जुनी आणि छपाई नवी असेल तर आतला मजकूर जुनाच. नवी आवृत्ती असली तरी माहिती गोळा केली ती साधारण वर्षभर आधी, कारण लिखाण, नकाशे, छपाई आणि पुस्तक आपल्यापर्यंत येणं, सगळ्याला वेळ जातो. २०२०-२१ सालच्या आवृत्त्यांत तर बरीचशी माहिती कोविडच्या आधीचीच असायची.

जुनी आवृत्ती किती महागात पडते ते जपानच्या रेल्वेपासवरून कळतं. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला होता आणि तोक्यो-क्योतो जाऊन-येऊनच सुमारे २८ हजार येन लागायचे. म्हणजे पास घेतला, आणखी एक छोटी फेरी केली की पैसे वसूल. जुनी पुस्तकं डोळे झाकून पास घ्या म्हणतात ते त्यामुळे. नंतर पास ५० हजार येनचा झाला. तेवढ्याच प्रवासासाठी तो आता सरळ तोट्याचा आहे. सुटी तिकिटं स्वस्त पडतात. तूतनखामेनचा मुखवटा बघायला जुनं पुस्तक कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयात पाठवतं. तो खजिना आता गिझाजवळच्या नव्या संग्रहालयात आहे. इस्तंबूलचं आयासोफिया २०२० साली पुन्हा मशीद झालं आणि २०२४पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्ज्यासाठी २५ युरोंचं तिकीट आहे. क्रोएशियाचं पुस्तक किमती कुनात सांगत असेल तर ते २०२३च्या आधीचं, कारण त्या जानेवारीपासून तिथे युरो चालतो.

याचा अर्थ जुनं पुस्तक रद्दीत घालावं असा नाही. सगळ्यात आधी शिळी होतात ती खानावळींची नावं आणि किमती, मग वेळा आणि तिकिटं, मग बसचे मार्ग. देवळाचा आराखडा, राजवंशांचा इतिहास, जुन्या शहरातला पायी फेरफटका हे वीस वर्षांनीही फारसं बदलत नाही. मुंबईत फोर्टच्या फूटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत दोनशे-तीनशेला मिळाली तर ती इतिहासासाठी घ्यावी आणि वेळा-तिकिटांसाठी ताजी माहिती त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावरून टिपून घ्यावी.

मालिकांचे स्वभाव थोडक्यात. लोनली प्लॅनेट स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी. मात्र अलीकडच्या आवृत्त्यांत हॉटेलांच्या याद्या बऱ्याच कमी केल्यात, ज्यांना त्यासाठीच पुस्तक हवं होतं त्यांनी आधी नमुना बघावा. रफ गाइड्समध्ये इतिहास-राजकारणाचं प्रकरण चांगलं. डीके आयविटनेसमध्ये इमारती कापून आतून दाखवणारी चित्रं असतात, मुलांना आणि आजी-आजोबांना तेच आवडतं, पण चकचकीत कागदाच्या जुन्या आवृत्त्या जड. रिक स्टीव्ह्ज हा अमेरिकन लेखक फक्त युरोपापुरता विश्वासाचा. तो मुद्दाम कमी गावं निवडतो पण संग्रहालयात कोणत्या दारातून शिरून कुठे वळायचं इथपर्यंत सांगतो. जॉर्जिया, आर्मेनिया, युगांडा असं आडवाटेचं काही असेल तर ब्राट. मिशेलिनचं लाल पुस्तक जेवणासाठी, हिरवं प्रेक्षणीय स्थळांसाठी. शाकाहारी माणसानं लालच्या वाटेला न गेलेलं बरं. आपली मराठी प्रवासवर्णनं जाण्याच्या आधी सहा महिने वाचावीत, जावंसं वाटण्यासाठी. शेवटची बस किती वाजता, हे त्यांना विचारू नये.

ऑनलाइन घेताना एका नव्या भेसळीपासून जपावं. २०२३च्या सुमारास यंत्रानं लिहिलेली गाइडबुकं दुकानांत दिसायला लागली. नावातच चालू आणि पुढचं साल, लेखकाचा फोटो गुळगुळीत, त्याच लेखकाची त्याच महिन्यात दहा देशांवर पुस्तकं, आणि पंचतारांकित अभिप्राय एकाच आठवड्यातले. खात्री करायची तर नमुन्यातली अनुक्रमणिका बघावी. नकाशांची यादी नाही म्हणजे घेऊ नका. मग एखाद्या गावाला कसं जायचं ते वाचावं. ‘सार्वजनिक वाहतूक सहज उपलब्ध आहे’ असं लिहिणारा तिथे गेलेला नाही. गेलेला माणूस कोणत्या स्टँडवरून, किती वेळानं आणि शेवटची कधी, हे लिहितो.

कागदी घ्यावं की फोनवर? ई-पुस्तकात शोध पटकन लागतो, पण नकाशे वैतागवाणे: छोट्या पडद्यावर अक्षरं पुसट, मोठं केलं की रस्त्याचं नाव बाहेर. म्हणून मजकूर फोनवर आणि नकाशा वेगळा, असं करावं. गूगलचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, पण इंटरनेटशिवाय तो फक्त गाडीचा रस्ता सांगतो. चालत जायचं किंवा बस-मेट्रोचं नाही. चीनमध्ये तर तो साध्या जोडणीवर उघडतच नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप फुकट आहे आणि इंटरनेट नसताना चालायच्या वाटाही दाखवतं. विकिव्हॉयेज हा विकिपीडियासारखा प्रवासकोशही फुकट, मोठ्या शहरांची पानं चांगली, छोट्या गावांची कधी दोन ओळींची.

कागदी पुस्तक हजार पानांचं असेल तर अख्खं नेऊ नये. विमानात हातातल्या सामानाला बहुधा ७ किलोच असतात. आपण जाणार ती दोन-तीन प्रकरणं काढून घ्यावीत. आधी पुस्तकाचा कणा वरून बघावा. पानांच्या घड्या दिसत असतील तर ते शिवलेलं आहे. तिथे घडीच्या मधोमध उघडून दोरा कापावा, नाहीतर अर्धी घडी आत राहते. घड्या नसतील, सलग डिंकाची पट्टी दिसत असेल, तर प्रकरणाच्या पहिल्या पानावर पुस्तक पूर्ण उघडून तळहातानं दाबावं, कण्यापर्यंत कागदकापू चाकू दोन-तीनदा हलक्या हातानं फिरवावा, मग शेवटच्या पानापाशी तेच. एका दमात खोल कापलं तर डिंक ओढला जातो आणि पुढची पानं सुटतात. निघालेला गठ्ठा तालुक्याच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात देऊन स्पायरल करून घ्यावा, पुढे-मागे प्लास्टिक लावायला सांगून. दुकानदाराला समासाकडून भोकं पाडताना मजकूर वाचव म्हणावं. गाइडबुकांचा आतला समास अरुंद असतो आणि नकाशाची कड हमखास भोकांत जाते. नकाशे दोन पानांवर पसरलेले असतील तर त्यांची आधीच वेगळी झेरॉक्स काढावी. आणि मागच्या सूचीची तेवढी पानं विसरू नयेत, एरवी स्पायरलमध्ये काही सापडत नाही.

ग्रुप टूरनं जाणाऱ्यांना एवढा खटाटोप नको. बस, हॉटेल, जेवण ठरलेलं असतं, उरते ती मोकळी दुपार. त्यासाठी डीकेचं टॉप टेन किंवा लोनली प्लॅनेटचं पॉकेट पुरे; दोन्ही बहुधा एका शहराची असतात आणि खिशात मावतात. मात्र घेण्याआधी टूरचं पत्रक शेजारी ठेवून बघावं की मोकळा वेळ नक्की कोणत्या शहरात आहे. पॅरिसचं पुस्तक घेतलं आणि मोकळी दुपार निघाली लुसर्नमध्ये, असं फार होतं.

घरातली मोठी माणसं सोबत असतील तर आणखी एक तपासावं: ठिकाणांची नावं तिथल्या लिपीत दिलीत का. जपान, थायलंड, चीन, ग्रीस, जॉर्जिया इथे टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरं वाचता येतीलच असं नाही, आणि आपला उच्चार तर नाहीच कळत. हॉटेलात पोचलं की स्थानिक लिपीतला पत्ता असलेलं कार्ड मागून घ्यावं आणि पुस्तकातल्या त्या भागाच्या नकाशावर हॉटेलाला गोल करून पत्ता शेजारी चिकटवावा. त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, एक आईच्या पर्समध्ये आणि एक वडिलांच्या खिशात. दोन्ही एकाच पिशवीत नकोत.